विमानांच्या जागा वाढल्या, पण सांबऱ्याच्या वाट्याला किती?

विमान कंपन्यांचे तिमाही निकाल आले की पेपरच्या आतल्या पानावर एक ओळ हमखास असते: स्वस्त सेवा देणाऱ्या अमुक कंपनीनं प्रवासी क्षमता वाढवली. हे वाचून बेळगावात, खानापुरात, निपाणीत पहिला प्रश्न येतो तो असा, की एवढी क्षमता वाढते तर दिवाळीत सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळाहून, मुंबईचं तिकीट परवडेल अशा भावात का मिळत नाही? प्रश्न रास्त आहे. आणि गंमत म्हणजे बातमीही खरीच असते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते कळायचं तर आधी ही क्षमता मोजतात कशी ते बघायला हवं.

क्षमता मोजायची पट्टीच वेगळी

आपल्याला वाटतं, क्षमता म्हणजे खुर्च्या. विमान कंपन्या मात्र खुर्ची आणि अंतर यांचा गुणाकार करतात. एक जागा एक किलोमीटर उडाली की झालं एक आसन-किलोमीटर. त्या जागेवर माणूस बसला होता की नाही, याच्याशी या आकड्याला देणंघेणं नाही. किती जागा खरोखर भरल्या त्याची टक्केवारी वेगळी काढतात. तिला लोड फॅक्टर म्हणतात, आपण साधा भरणा म्हणू.

आता हा गुणाकार आपल्या सांबऱ्यावरच करून पाहू. सांबरा ते बंगळूर हवाई अंतर साधारण ४५० किलोमीटर. या मापाच्या अंतराला शोभणारं विमान म्हणजे पंख्यांचं एटीआर, जागा ७८. एका खेपेची क्षमता झाली ३५,१०० आसन-किलोमीटर. दिल्ली साधारण १,४३० किलोमीटर. तिथं १८६ जागांचं एअरबस ए३२० पाठवलं तर एका खेपेत २,६५,९८० आसन-किलोमीटर होतात, म्हणजे बंगळूरच्या साडेसात पट.

याचा अर्थ असा, की एखाद्या कंपनीनं बंगळूरच्या सात खेपा बंद केल्या आणि दिल्लीची एक चालू केली, तरी कागदावर बेळगावची क्षमता वाढलेली दिसेल. प्रत्यक्षात ५४६ खुर्च्या गेल्या आणि १८६ आल्या. हे उदाहरण मुद्दाम ताणलेलं आहे, पण देशभरचा आकडा फुगतो तो काही अंशी असाच. कंपन्या लांबचे पल्ले घेऊ लागल्या, परदेशी उड्डाणं वाढली, की आसन-किलोमीटर भराभर वाढतात. त्यात खानापूरच्या माणसाला मिळालेली जागा एकही नसू शकते.

स्वस्त विमान स्वस्त पडतं कसं?

आपल्याकडच्या वडापचा, म्हणजे माणसं भरून फिरणाऱ्या खासगी जीपगाड्यांचा, धंदा ज्यानं पाहिलाय त्याला हे सांगायला नको. वडापवाला चार गोष्टी कटाक्षानं पाळतो. माणसं जास्तीत जास्त बसवतो. वाटेतल्या थांब्यावर वेळ घालवत नाही. चहापाण्याच्या फंदात पडत नाही. आणि गाडी अशी ठेवतो की जिचे पार्ट कुठल्याही गॅरेजात मिळतील. स्वस्त विमान कंपनीही हेच करते: एकाच घराण्याची विमानं, म्हणजे वैमानिक आणि मेकॅनिक एकाच जातीच्या यंत्रावर तयार, बिझनेस क्लास वगळून दाट बैठक, खाणं आणि जादा बॅग यांचे वेगळे पैसे, आणि जमिनीवर कमीत कमी मुक्काम.

फरक एकाच ठिकाणी पडतो. वडाप निघण्याआधी गाडी भरेपर्यंत थांबू शकतं. विमानाला वेळेवर उडावंच लागतं, आणि रिकामी गेलेली जागा परत विकता येत नाही. पुढचं सगळं गणित इथूनच निघतं.

जमिनीवरचा मुक्काम किती आवळलेला असतो ते एटीआर उतरल्यावर बघा. या विमानात माणसं मागच्या दारानं चढतात-उतरतात आणि सामान पुढच्या कप्प्यात जातं. शेवटचे आजोबा मागच्या पायऱ्या उतरत असतात तेव्हा पुढं ट्रॉलीवाले बॅगा काढायलाही लागलेले असतात. आत केबिन क्रूच खुर्च्यांच्या खिशातले कागद, बाटल्या गोळा करतो, पट्टे फुलीसारखे आडवे ठेवतो. बाहेर इंधनाची गाडी लागलेली. अर्ध्या तासात विमान पुन्हा धावपट्टीकडे निघतं. दिवसाला सहा खेपा करणाऱ्या विमानानं प्रत्येक थांब्यावर वीस मिनिटं वाचवली तर दोन तास हाती येतात, आणि दोन तासांत एक जादा खेप बसते. नवं विमान विकत न घेता क्षमता वाढली ती अशी. अमेरिकेतल्या साउथवेस्ट कंपनीनं १९७० च्या दशकात दहा मिनिटांत विमान फिरवून हा धडा जगाला दिला.

एवढ्या जागा आल्या कुठून?

आपल्याकडे या धंद्याची मुहूर्तमेढ कर्नाटकातल्याच माणसानं रोवली. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू केली, आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन तिचं बोधचिन्ह होता. पुढं ती किंगफिशरच्या पोटात गेली आणि किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली. तोवर इंडिगोनं मात्र २००६ पासून तीच रीत अधिक शिस्तीनं चालवून पाया पक्का केला होता. २०२३ च्या जूनमध्ये तिनं एअरबसला एका फटक्यात ५०० विमानांची ऑर्डर दिली. एअर इंडियानं त्याच वर्षी ४७० विमानांची ऑर्डर जाहीर केली. २०२२ मध्ये आलेल्या आकासानंही दोनशेहून जास्त बोइंग सांगून ठेवली आहेत.

मागणीही तशी वाढली. २०१३-१४ मध्ये देशांतर्गत प्रवासी सहा कोटींच्या घरात होते. २०२३ मध्ये ते १५ कोटी २० लाखांवर गेले, २०२४ मध्ये १६ कोटी १३ लाखांवर.

विमानांची संख्या वाढते त्याच्या जोडीनं विमानाचं पोटही वाढतंय. ए३२० मध्ये १८६ जागा बसतात, त्याच घराण्यातल्या लांब ए३२१ मध्ये इंडिगो २३२ जागा बसवते. दोन्हींत वैमानिक दोनच. मुंबईसारख्या ठिकाणी उतरण्याची वेळही दोन्ही विमानांना एकच लागते. दोन वैमानिकांचा पगार आणि उतरायची ती एक वेळ १८६ तिकिटांवर वाटायची की २३२ वर, हा कंपनीच्या दृष्टीनं प्रश्नच नाही. म्हणून नव्या ऑर्डरींत ए३२१ चा वाटा मोठा असतो. सांबऱ्याच्या दृष्टीनं ही बातमी फारशी बरी नाही. का ते पुढं येईलच.

जाता जाता: एअरबसचे सुटे भाग बनवणाऱ्यांत आपल्याच जिल्ह्यातला हत्तरगीचा कारखाना आहे. महामार्गावरून कोल्हापूरला जाताना लागतो.

दाट बसवलं म्हणजे धोका वाढला का?

नाही. विमानाच्या प्रत्येक मॉडेलला जास्तीत जास्त किती माणसं, याची मर्यादा आधीच ठरलेली असते. निम्मी दारं बंद असताना सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे विमान बनवणाऱ्या कंपनीला सिद्ध करावं लागतं. शिवाय दर ५० जागांमागं एक केबिन कर्मचारी लागतोच. पन्नास आसनी एम्ब्रेअर विमानात एक चालतो, एटीआरला दोन लागतात, १८६ जागांना चार आणि २३२ जागांना पाच. गुडघे आखडतात ते खरं, पण त्याला गैरसोय म्हणतात.

विमानं सांगितली, मग जागा कमी कशा पडतात?

ऑर्डर दिली म्हणजे विमान दारात आलं असं नाही. इंडिगोची ती ५०० विमानं २०३० ते २०३५ या काळात यायची आहेत. जी आली आहेत ती सगळी उडतातच असंही नाही. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या इंजिनांत दोष निघाले, आणि एक वेळ अशी होती की एकट्या इंडिगोची सत्तरहून जास्त विमानं जमिनीवर उभी होती. गो फर्स्ट ही विमान कंपनी तर याच दुखण्यावर बोट ठेवत मे २०२३ मध्ये बंद पडली. एका रात्रीत तिच्या सगळ्या जागा बाजारातून गेल्या आणि त्या उन्हाळ्यात लेह-श्रीनगरचे दर भडकले.

विमानाइतकीच माणसंही लागतात. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम नोव्हेंबर २०२५ पासून पूर्ण लागू झाले: आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, आणि रात्री विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोन वेळा. नियम योग्यच आहेत. पेंगुळलेल्या माणसाच्या हातात आपला जीव कुणाला द्यायचाय? इंडिगोची तयारी मात्र अपुरी पडली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हजारो उड्डाणं रद्द झाली. विमानं होती, प्रवासी होते, चालवायला हात नव्हते. सरकारनं तेव्हा भाड्यावर तात्पुरती मर्यादा घातली: ५०० किलोमीटरपर्यंत कर-शुल्क सोडून साडेसात हजार. बेळगावहून मुंबई आणि बंगळूर दोन्ही या टप्प्यात बसतात. मर्यादा साडेसात हजारांवर घालावी लागली यावरून मोकळ्या बाजारात भाव कुठं गेला होता याचा अंदाज येतो.

"विमान भरून जात होतं की, मग बंद का केलं?"

बेळगावात हा प्रश्न चहाच्या टपरीपासून व्यापाऱ्यांच्या चेंबरच्या बैठकीपर्यंत सगळीकडे ऐकू येतो, आणि त्याला सरळ उत्तर कुणी देत नाही. उत्तर थोडं लांब आहे.

पहिली गोष्ट, खेपेचा खर्च आणि खुर्चीचा खर्च हे दोन वेगळे असतात. छोट्या विमानाची एक खेप स्वस्त पडते, कारण इंधन कमी जळतं, उतरण्याचं शुल्क कमी बसतं. पण तो खर्च ५० किंवा ७८ माणसांवरच वाटला जातो, त्यामुळे माणशी खर्च चढा राहतो. मोठ्या विमानाचं उलट: खेप महाग, माणशी स्वस्त, पण अट एकच, ते भरलं पाहिजे. सांबऱ्याहून रोज ७८ माणसं बंगळूरला निघतात असं समजा. त्यांच्यासाठी २३२ जागांचं विमान आणलं तर दीडशे जागा रिकाम्या उडतील. म्हणजे आपल्या वाट्याला येणारं विमान छोटं आणि माणशी महाग. देशात क्षमता वाढते ती मोठ्या, माणशी स्वस्त विमानांची. ती आपल्याकडे यायची तर इथं तेवढी गर्दी एकाच दिवशी, एकाच दिशेला लागते.

दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे. विमान कुठल्याही गावाचं नसतं. कंपनी विचार करते ती अशी, की हेच विमान, हेच दोन तास, दुसरीकडे नेले तर किती मिळतील? सांबऱ्याचं विमान ९० टक्के भरून नफ्यात असेल, आणि तरीही दुसऱ्या मार्गावर त्याहून जास्त मिळणार असतील तर ते उचललं जातं. तोटा व्हावाच लागतो असं नाही. भरणा किती आहे हे आपण बघतो, कंपनी भरण्याबरोबर भाडंही बघते. चार हजारांच्या शंभर तिकिटांपेक्षा सात हजारांची साठ तिकिटं तिला बरी.

२०१८ मध्ये आपण हे अनुभवलं. आधीच्याच वर्षी, सप्टेंबर २०१७ मध्ये, सांबऱ्याच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं होतं, आणि मे २०१८ मध्ये स्पाइसजेटनं इथली उड्डाणं हुबळीला हलवली. हुबळी छोट्या शहरांना विमानानं जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेत होतं, तिथं सवलती मिळत होत्या. बेळगावला आधीपासून विमानसेवा होती म्हणून आपण योजनेच्या त्या वेळच्या टप्प्यात बसलो नव्हतो. नवी इमारत आणि रिकामी धावपट्टी, असा काही महिन्यांचा संसार झाला.

तिसरी गोष्ट आपल्या भूगोलाची. बेळगावपासून दीडशे किलोमीटरच्या आत चार विमानतळ आहेत: हुबळी, कोल्हापूरचं उजळाईवाडी, गोव्यातलं दाबोळी आणि जानेवारी २०२३ पासून मोपा. निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याला उजळाईवाडी सांबऱ्यापेक्षा जवळ. खानापूरच्या पोराला दिल्लीला जायचं तर तो गोव्याचं तिकीट बघतो, कारण गोव्याला मोठी विमानं थव्यानं येतात आणि तिथलं भाडं स्वस्त पडतं. मग चोर्ला घाटाचा रस्ता असेल त्या अवस्थेत तो टॅक्सीनं पार करतो. हे वागणं शहाणपणाचंच आहे, दोष कुणाला देणार? पण सीमाभागातली एकंदर मागणी अशी पाच ठिकाणी फुटते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात येणारे-जाणारे जवान, उद्यमबागेतले कारखानदार, इस्पितळांत येणारे रुग्ण, बंगळूर-पुण्यात नोकरी करणारी मुलं, अशी सगळी मिळून संख्या लहान नाही. सांबऱ्याच्या खात्यावर तिचा एक तुकडाच दिसतो, आणि कंपनी त्या तुकड्याला साजेसं विमान पाठवते.

त्यात आता रेल्वेही आली. सप्टेंबर २०२४ पासून पुणे-हुबळी वंदे भारत बेळगावला थांबते, ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बंगळूर वंदे भारत आहे. रात्रीच्या स्लीपर गाड्या होत्याच.

सरकारी मदतीचं काय?

उडान योजनेची पहिली उड्डाणं एप्रिल २०१७ मध्ये झाली. कल्पना सोपी होती. छोट्या मार्गावरच्या साधारण निम्म्या जागा ठरलेल्या भाड्यात विकायच्या, सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला सुमारे अडीच हजार. त्यानं कंपनीला जी खोट येईल ती सरकारनं भरायची, केंद्र ८० टक्के आणि राज्य २० टक्के. वर तीन वर्षं त्या मार्गावर मक्तेदारी. जानेवारी २०१९ च्या तिसऱ्या टप्प्यात बेळगावला एकदम १३ मार्ग मिळाले. शेजारच्या कोल्हापूर भागातल्याच घोडावत समूहाची स्टार एअर त्याच महिन्यात उडायला लागली, आणि ५० आसनी एम्ब्रेअरनं आपल्याला अशा शहरांना जोडलं ज्यांचा विचारही कुणी केला नव्हता.

पण तीन वर्षं संपली की टेकू निघतो. भाड्याचं बंधन जातं, मदतही जाते. जो मार्ग तोवर पायावर उभा राहिला तो टिकतो, बाकीचे वेळापत्रकातून गळतात. सीमाभागातल्या बीदरनं वेगळाच फटका खाल्ला: २०२० मध्ये बंगळूरचं विमान सुरू करणारी ट्रूजेट कंपनीच दोन वर्षांत बंद पडली. माझ्या मते योजनेचं चुकलं ते इथं, की मदत मार्गाला मिळते आणि मार्ग जगवायला लागणारी वेळेची सोय कुणी बघत नाही. दुपारी दीडला मुंबईला पोचणारं विमान कामाच्या माणसाला निरुपयोगी. सकाळी जाऊन रात्री परत येता आलं तरच तो जास्तीचं भाडं मोजतो.

जागा वाढल्या की भाडं उतरतं, हे खोटं का?

खोटं नाही, पण ते त्या त्या मार्गापुरतं खरं आहे. एकाच विमानातली तिकिटं पायरीपायरीनं विकली जातात: पहिल्या काही जागा स्वस्त, मग वरची पायरी, मग त्याहून वरची. १८६ जागा भरायच्या असतील तर कंपनीला स्वस्त पायरीवर बऱ्याच जागा ठेवाव्या लागतात. ५० जागांच्या विमानात तशी गरज पडत नाही; स्वस्तातल्या मूठभर जागा गेल्या की गणपतीच्या आठवड्यात उरतात त्या वरच्या पायरीच्याच. दिल्ली-गोवा मार्गावर वाढलेल्या जागा बेळगाव-मुंबईचं भाडं उतरवत नाहीत. ते उतरायला त्याच मार्गावर दुसरी कंपनी यावी लागते.

आणि मुंबईचंच विमान मिळणं एवढं अवघड का?

मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमानांची चढउतार होते, त्यापुढं नाही. प्रत्येक चढउतारीची वेळ आधी वाटून दिलेली असते. तिला स्लॉट म्हणतात. तो स्लॉट २३२ जणांना वापरायचा की ५० जणांना, असा प्रश्न आला की बेळगावची बाजू पडते. सांबऱ्याची धावपट्टी २,३०० मीटरची, ए३२० सहज उतरतं. मार्च २०२४ मध्ये आणखी मोठ्या टर्मिनलची पायाभरणीही झाली. अडचण या टोकाला नाहीच, त्या टोकाला आहे. म्हणून डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळाकडे आपल्याकडच्या लोकांनी डोळे लावून बसणं बरोबर आहे. तिथं स्लॉट मोकळे आहेत. अर्थात पनवेलच्या बाजूला उतरून नरिमन पॉइंट गाठायला किती वेळ लागतो, यावर ते विमान बेळगावकर स्वीकारतील की नाही हे ठरेल.

विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी, मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी. त्या सुमारास सांबऱ्याहून सुटणाऱ्या प्रत्येक मार्गाच्या आठवड्याच्या खेपा घ्यायच्या, प्रत्येकीला विमानाच्या जागांनी गुणायचं आणि बेरीज करायची. अंतरानं गुणायचं नाही. मागच्या हंगामाची बेरीज शेजारी मांडली की आपल्या जागा वाढल्या की घटल्या ते समजतं, आणि खेपा किती वाजताच्या आहेत हेही त्याच कागदावर लिहिलेलं असतं.